डोंगराचा पायथा आणि कोथिंबिरीची जुडी

इलिनॉय राज्यातलं सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण म्हणजे चार्ल्स माउंड. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १,२३५ फूट. पुणं वसलंय साधारण १,८३० फुटांवर. म्हणजे महात्मा फुले मंडईत काकडीचं टोक मोडून ती कडू आहे का ते बघणारा पुणेकर इलिनॉयच्या सर्वोच्च शिखरापेक्षा सहाएकशे फूट उंचावर उभा असतो. ही गोष्ट त्याला अजून कोणी सांगितलेली नाही, हे इलिनॉयच्या दृष्टीनं बरंच म्हणायचं. त्यातून ते शिखर एका खाजगी शेतात आहे आणि उन्हाळ्यातले मोजके शनिवार-रविवार सोडले तर तिथं जाता येत नाही. गिर्यारोहणाला निघण्याआधी दोर आणि बूट पाहायचे सोडून कॅलेंडर पाहावं लागतं, असं हे राज्य. त्यातलं शिकागो तर परातीसारखं सपाट. या परातीच्या उत्तर कडेला डेव्हन ॲव्हेन्यू आहे आणि ज्या वस्तीतून तिचा गजबजलेला भाग जातो, तिचं सरकारी नाव आहे वेस्ट रिज. नावात डोंगराची धार आहे आणि गंमत म्हणजे ती जमिनीतही आहे. हिमयुग ओसरताना इथं आजच्या मिशिगन सरोवरापेक्षा मोठं सरोवर होतं. त्याच्या लाटांनी वाळूचा एक लांबलचक बांध रचून ठेवला. पुढे त्यावरून पायवाट झाली, पायवाटेचा रस्ता झाला, तोच आजचा रिज बुलेव्हार्ड. गाडीतून जाणाऱ्याला हा चढ कळत नाही. सायकलवाल्याला किंचित कळतो. तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन चालणाऱ्याला मात्र तो नीट कळतो.

एवढ्याशा उंचवट्याच्या भांडवलावर या रस्त्यानं घराबाहेरचं असं काही जगणं उभं केलंय, की खरेखुरे डोंगर खिडकीत टांगून घरं विकणाऱ्यांना ते अजून जमलेलं नाही. माणसाला घराबाहेर काढतं ते निमित्त. डोंगर, झाडं, तळी, सूर्यास्त ही सगळी बाहेर पडल्यावर बघायची गोष्ट आहे. ती बघायची म्हणून उठून बाहेर पडणारा माणूस दुर्मीळ असतो, आणि तो बहुधा नुकताच डॉक्टरकडे जाऊन आलेला असतो. डेव्हनवर निसर्ग औषधापुरता आहे, पण निमित्तं पैशाला पासरी मिळतात. डोंगरपायथ्याच्या वसाहतींत निसर्ग दारापर्यंत आलेला असतो आणि निमित्त तेवढं सहा मैलांवर राहतं.

आधी या वसाहतींचं बघू. दक्षिण कॅरोलिनाच्या वायव्य कोपऱ्यात, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अशा वस्त्या एकामागून एक झाल्या. शिकागोत तीस हिवाळे फावड्यानं बर्फ उपसलेली मंडळी निवृत्तीच्या सुमारास तिकडे डोळे लावून बसतात, आणि त्यांत आपली मराठी मंडळीही आलीच. माहितीपत्रक उघडलं की पहिल्या पानावर धुकं, दुसऱ्यावर तळं आणि तिसऱ्यावर पांढरे कपडे घातलेलं एक प्रसन्न जोडपं असतं. या जोडप्याला चिखल माहीत नसतो. ‘द क्लिफ्स’ नावाच्या वसाहतींची सुरुवात १९९१ सालची. फाटक, गोल्फ, क्लब, सगळं एकदम उंची. २००८ साली त्यांच्या एका गोल्फ मैदानाची रचना खुद्द टायगर वुड्स करणार असं जाहीर झालं, आणि २०१२ साली क्लबवाले दिवाळखोरीचा अर्ज घेऊन कोर्टात गेले. टायगरचं मैदान काही झालं नाही. हे वाचून ज्यांना मुळशी-वरसगावच्या बाजूची आठवण झाली असेल, त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे. लवासाच्या प्रवर्तकांनी सह्याद्रीच्या घडीत इटलीतलं पोर्टोफिनो आणून बसवायला घेतलं आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दोन्हीकडे डोंगर होते तिथंच आहेत. डोंगराचं दिवाळं निघत नाही, त्याच्याकडे बघण्याच्या हक्काचं निघतं. या दोन उदाहरणांवरून कोणी म्हणेल, की हा तर कर्जाचा आणि २००८ च्या मंदीचा दोष, त्यात डोंगराचं काय? बरोबर आहे, दिवाळखोरी बाजूला ठेवू आणि जिथं सगळं सुरळीत चालू आहे अशी एखादी वसाहत घेऊ.

तिथं सकाळी काय होतं? गॅरेजचं दार बटणावर उघडतं, त्यातून गाडी बाहेर पडते, दार बटणावर मिटतं. संध्याकाळी हेच चित्र उलटं. मधल्या वेळात डोंगर आपला उभा. दूध संपलं तर गाडी, मिरच्या हव्या असतील तर गाडी, आणि चालण्याचा व्यायाम करायचा तर क्लबहाउसातल्या यंत्रावर चालायला जाण्यासाठीही गाडी. त्या यंत्रासमोर मोठी काच असते आणि काचेतून डोंगर दिसतो, ही सोय दाद देण्यासारखी आहे. शिवाय घरमालकांची संघटना असते, जिला तिकडची आपली मंडळी एचओए म्हणतात. आपल्याकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं जाऊन शिकून यावं असा तिचा कारभार. टपालपेटीचा रंग, गवताची उंची, कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसतो की नाही, सगळं लिहून ठेवलेलं. अशा कितीतरी संघटनांत बाहेर दोरीवर कपडे वाळत घालायलाही बंदी असते. दृश्य बिघडतं म्हणून. ही बंदी एवढी मातली, की फ्लोरिडासारख्या राज्यांना कायदा करून सांगावं लागलं, की बाबांनो, उन्हात कपडे वाळवण्याचा माणसाचा हक्क काढून घेता येणार नाही. आता ज्या ठिकाणी ‘घराबाहेरचं जीवन’ या नावाखाली घर विकलं जातं, तिथं घरातला पंचाही बाहेर येऊ शकत नसेल, तर माणूस कुठून येणार? मराठी घरानं घराबाहेरचं जीवन म्हणून जे ओळखलं ते एप्रिल-मे महिन्यांतल्या गच्चीवर. कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या, उशाला मिरच्या, आणि कावळे हाकायला काठी देऊन बसवलेलं एक पोर, जे राखण करता करता निम्म्या ओल्या पापड्या खाऊन टाकतं. ऊन, वारा, पक्षी, सगळा निसर्ग त्यात आला. एचओएच्या नियमावलीत यातली एकही गोष्ट बसत नाही, पोर तर मुळीच नाही.

आता डेव्हन. वेस्टर्न ॲव्हेन्यूपासून पश्चिमेला केडझीच्या दिशेनं चालायला लागलं की दुकानं सुरू होतात. १९७४ साली पटेल बंधूंनी किराण्याचं पहिलं दुकान इथंच टाकलं, ज्याच्या शाखा आता अमेरिकाभर आहेत. आजूबाजूला हैदराबादी, पंजाबी, पाकिस्तानी, बांगलादेशी, जुनी ज्यू वस्ती, असिरियन, रोहिंग्या, सगळे दाटीवाटीनं. मराठी पाटी शोधायला गेलात तर पदरी फारसं पडणार नाही. बाजारपेठेत मराठी माणसानं जी भूमिका परंपरेनं पत्करली आहे, म्हणजे भाव विचारणाऱ्याची, ती तो इथंही इमानानं बजावतो. रस्त्याच्या तुकड्यांना मानाची नावं आहेत: एक तुकडा गांधी मार्ग, त्याच्या पुढे मोहम्मद अली जिना वे, शिवाय शेख मुजीब आणि गोल्डा मेयर. जगाच्या पाठीवर जे चौघं एका टेबलाशी बसणं कठीण, ते इथं एका फेरफटक्यात, एकाही व्हिसाविना, भेटतात. फेरफटका मात्र कोणी त्यांच्यासाठी मारत नाही. तो मारतात कोथिंबिरीसाठी.

कोथिंबीर निवडण्याचा सोहळा जरा जवळून पाहण्यासारखा असतो. जुडी उचलायची, देठांकडून घट्ट धरून पाणी झटकायचं (हे पाणी शेजारच्याच्या कोटावर जातं आणि तो काही म्हणत नाही, कारण तोही तेच करतोय), मग ती पोटातून उलगडून आत पिवळी पानं लपवली आहेत का ते बघायचं, नाकाशी न्यायची, नापसंत असल्यासारखा चेहरा करून परत ठेवायची आणि शेजारची उचलायची. तिच्यावर पुन्हा हेच संस्कार. शेवटी बहुधा पहिलीच घेतली जाते. या अवधीत दुसऱ्या बाजूनं मेथी निवडणारी बाई ‘आज गवार चांगली आलीये’ अशी बातमी कोणत्या तरी भारतीय भाषेत देते, आणि ती बातमी कळायला ती भाषा यावी लागत नाही. मे महिन्यात हाच प्रकार आंब्याच्या पेटीभोवती होतो. २००७ साली अमेरिकेनं भारतीय आंब्याला दार उघडलं, अट एवढीच की आंब्यानं येण्याआधी किरणांचा मारा सोसला पाहिजे. असा सोसून आलेला हापूस पेटीतून घेतला, की तो घरी नेऊन उघडण्याएवढा धीर मराठी माणसात नसतो. पेटी फुटपाथवरच उघडते, वरचा कागद बाजूला होतो, एक फळ देठाशी हुंगलं जातं, आणि जाणारा-येणारा एखादा अनोळखी गृहस्थ थांबून ‘देवगड का?’ असं विचारतो. त्यावर रत्नागिरीची बाजू घेणारा तिसरा कुठून तरी उगवतोच. वीस मिनिटं उन्हात, वाऱ्यात, उभ्यानं झालेला हा वाद म्हणजे आरोग्यशास्त्राच्या दृष्टीनं घराबाहेरचं जीवनच आहे. फक्त त्याचा कोणी मासिक हप्ता घेत नाही.

कोणी म्हणेल, ही गर्दी आज आपल्या लोकांनी आणली, मूळ वस्तीला काय त्याचं? तर मूळ वस्तीही काही कमी नव्हती. डेव्हन हे नावच मुळी १८८०च्या दशकात जॉन लुईस कॉक्रन या प्लॉट पाडून विकणाऱ्या गृहस्थानं फिलाडेल्फियाजवळच्या एका स्टेशनावरून उचललं. त्याआधी हा साधा चर्च रोड होता. तेव्हा घर विकायला लांबचं गोंडस नाव लावायची युक्ती काही कॅरोलिनावाल्यांनी शोधलेली नाही. धारेच्या पश्चिमेला तेव्हा भाजीचे मळे होते, लक्झेंबर्ग आणि जर्मनीकडून आलेले शेतकरी कोबी लावत. पूर्वेला रॉजर्स पार्कची सुखवस्तू मंडळी. १८९६च्या सुमारास या दोघांत उद्यानांच्या करावरून जुंपली. पूर्वेकडच्यांनी पश्चिमेकडच्यांना ‘कोबीची डोकी’ म्हणून हिणवलं, तर या पठ्ठ्यांनी काठ्यांवर खरोखरच कोबीचे गड्डे खोचून मिरवणूक काढली. स्थानिक इतिहासात याला कोबीयुद्ध म्हणतात. बागबगीचा हवा की नको, हा प्रश्न माणसं घरात बसून सोडवत नाहीत, ती त्यासाठी भाजी घेऊन रस्त्यावर उतरतात, याचा यापेक्षा सज्जड पुरावा मिळणं कठीण. त्याच साली पश्चिमेकडच्यांनी आपला वेगळा उद्यान-विभाग काढला आणि त्यातून पुढे १९२२ साली इंडियन बाउंडरी पार्क उभं राहिलं. तिथं प्राणिसंग्रहालयही काढलं, ज्याची सुरुवात एका काळ्या अस्वलानं झाली. संग्रह म्हणायला एक अस्वल थोडं कमीच, पण पोरांना बाहेर काढायला एक अस्वल रग्गड होतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं बाजारहाट झालं, याला निसर्गातलं जगणं कसं म्हणायचं? डोंगरावर माणूस काही विकत घ्यायला जात नाही, निखळ आनंदासाठी जातो. या निखळ आनंदाची जरा झडती घ्यायला हवी. आपले डोंगर माणसांनी चढून काढले ते देवासाठी. जेजुरी, सप्तशृंगी, चतुःशृंगी, सगळ्या उंच जागा देवांनी आधीच धरून ठेवल्या, कारण खाली बसलो तर भक्त चालणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक असावं. पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या पेशवाईपासून लोक चढताहेत, पण वरचं देऊळ खाली शनिपाराशी हलवलं तर त्या पायऱ्यांवर किती चढणारे उरतील याचा विचार करून पाहा. शिकागोच्या परिसरातही हेच. लेमाँटचं मोठं मंदिर नदीखोऱ्याच्या कडेला उंचावर आहे, आणि सपाटीवर आयुष्य काढलेल्या कैक भारतीयांच्या पायाला इलिनॉयमधला जो काही चढ लागला असेल तो त्याच्या वाहनतळापासून दारापर्यंतचा. आता गडकोटांवर जाणारे ट्रेकर म्हणतील, आम्ही तर देवासाठी जात नाही. त्यांना पायथ्याच्या गावातलं पिठलं-भाकरी वगळून फक्त चढ-उतार देऊ करावा आणि किती जण येतात ते पाहावं. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ सालचं, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ साली याच शहरात स्थापन झालं. म्हणजे सामूहिक सहलींचा इथला अनुभव दांडगा. कूक काउंटीनं राखलेलं रान सत्तर हजार एकरांच्या घरात आहे. मराठी सहल त्या रानात जाते आणि दिवसभर एका शेगडीभोवती कोंडाळं करून उभी राहते. झाडं आजूबाजूला असतात, त्यांची कोणाला अडचण नसते. राहता राहिला खुद्द अमेरिकन माणूस, जो पहाटे सहाला कोसळत्या पावसातही चालताना दिसतो. त्याच्या हातात दोरी असते आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा. निमित्ताशिवाय आपण बाहेर पडणार नाही हे त्यानं आपल्या आधी ओळखलं आणि एक निमित्त घरातच पाळलं.

दुसरा आक्षेप हवेचा, आणि तो जास्त वजनदार आहे. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोच्या विमानतळावर पारा उणे ३१ सेल्सियसच्या आसपास उतरला होता. त्या दिवशी कोथिंबीर काय, कल्पवृक्ष ठेवला असता तरी डेव्हनवर कोणी गेलं नसतं. कॅरोलिनाचा पायथा अशा वेळी कितीतरी माणुसकीनं वागतो, हे मान्यच करायला हवं. पण वर्षातले असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, आणि साध्या बर्फाच्या दिवसांत या सपाट शहरानं जे केलंय ते बघण्यासारखं आहे. डोंगर नाही, तर त्यांनी मातीचा रचला. डेव्हनच्या थोडं उत्तरेला वॉरन पार्क आहे. पूर्वी तो खाजगी गोल्फ क्लब होता. तिथं इमले उभे राहायची वेळ आली तेव्हा रहिवाशांनी भांडून जागा सर्वांसाठी सोडवली. त्यात एक रचलेली टेकडी आहे. बर्फ पडला की घसरगाडी, प्लास्टिकचं ताट, खोक्याचा पुठ्ठा, जे हाती लागेल ते बुडाखाली घालून पोरं त्यावरून घसरतात, आणि खाली शाल, हिजाब, काळ्या टोप्या, सलवारीवर चढवलेले जाडजूड कोट असा आयांचा मेळावा उभा असतो. डेव्हन धरून पश्चिमेला गेलं तर काल्डवेल वुड्स लागतं, खरं जंगल, तिथंही घसरायला टेकडी. शेजारच्या एव्हन्स्टनमध्ये शहराच्या कचऱ्याचा ढीग मातीनं झाकून त्याचंच उद्यान केलं, लोक त्याला ‘माउंट ट्रॅशमोर’ म्हणतात. ज्यांना डोंगर लाभले त्यांनी त्याभोवती फाटक घातलं. ज्यांना लाभले नाहीत त्यांनी कचऱ्याचे केले आणि पोरांना मोकळे सोडले.

तिसरा आक्षेप जिव्हारी लागणारा: एवढं असेल तर लोक डेव्हन सोडून गेले कशाला? गेले हे खरं. पहिला पगार, पहिली साडी, पहिला प्रेशर कुकर डेव्हनचा, आणि पहिलं घर मात्र नेपरव्हिल, शॉमबर्ग, अरोरा अशा उपनगरांत. शाळा चांगल्या, घरं ऐसपैस, चोरीमारी कमी. मुलं असलेल्या माणसाला एवढी कारणं पुरतात आणि ती खोटी नाहीत. पण तिथल्या घराबाहेरच्या जीवनाचं काय झालं, हा वेगळा प्रश्न. वसाहतीच्या मध्यभागी तळं असतं, ज्यावर घराची किंमत चढते. हे तळं पावसाचं वाहून आलेलं पाणी साठावं म्हणून खणलेला खड्डा असतो, आणि त्याचा मनापासून उपभोग घेतात ती फक्त ‘कॅनडा गूज’ जातीची बदकं, जी हप्ते न भरता राहतात आणि पायवाटेवर आपली खूण सोडतात. पटेल बंधूंचं दुकानही मागोमाग नेपरव्हिलला आलं. कोथिंबीर तीच, भाव जवळपास तोच. मग डेव्हनचं सगळं निमित्त तिथं पोचलं की! नाही पोचलं, कारण दुकानाच्या पुढ्यात क्रिकेटच्या मैदानाएवढा वाहनतळ आला. माणूस गाडीतून उतरतो, पन्नास पावलं चालतो, जुडी घेतो, पन्नास पावलं परत. वाटेत ना कोणी भेटतं, ना कोणाच्या कोटावर पाणी उडतं.

याचा सर्वांत जास्त जाच होतो तो सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना. सदाशिव पेठेत किंवा विलेपार्ल्यात रोज चार वेळा खाली उतरणारे अप्पा इथं आले की त्यांना गाडी चालवता येत नाही, आणि गाडीशिवाय जावं असं काही नाही. सून-मुलगा कामावर, नातू शाळेत. तळ्याभोवती दोन फेऱ्या झाल्या, बदकं ओळखीची झाली, आता पुढे काय? हवा उत्तम, झाडी उत्तम, समोर हिरवळ, आणि अप्पा खिडकीत बसून रस्त्यावरून दिवसात किती गाड्या गेल्या ते सांगतात. त्याच अप्पांना डेव्हनच्या आसपासच्या एखाद्या विटांच्या तीन मजली घरात ठेवलं तर दहा मिनिटांत ते खाली उतरतील, पानवाला शोधतील, हैदराबादच्या एका निवृत्त मास्तरांशी निजामावरून वाद घालतील आणि जेवायला उशिरा येतील. हे शिकागो महापालिकेलाही कळलं असावं. २०१९ साली वेस्टर्न ॲव्हेन्यूवर, वॉरन पार्कजवळ, नॉर्थटाउन वाचनालयाची नवी इमारत झाली. खाली वाचनालय, वर ज्येष्ठ नागरिकांसाठी ४४ घरं. जिना उतरला की वर्तमानपत्र, रस्ता ओलांडला की बाग, दोन पावलं गेलं की बाजार. यात डोंगर कुठंही नाही आणि माहितीपत्रकात टाकावं असं धुकंही नाही.

आणि डोंगराविरुद्ध काही आकस आहे असा गैरसमज नको, कारण खुद्द दक्षिण कॅरोलिनाच्या त्या पायथ्यानंच या म्हणण्याला दुजोरा दिलाय. ग्रीनव्हिल ते ट्रॅव्हलर्स रेस्ट या छोट्या गावापर्यंत एक बंद पडलेला रेल्वेमार्ग होता, त्याला लोक ‘स्वॉम्प रॅबिट’ म्हणत. रूळ उखडून त्याची चालायची-सायकलची वाट केली. ब्लू रिजचे उंच कडे हाकेच्या अंतरावर असताना लोक लोटले ते या आगगाडीच्या सपाट वाटेवर. का, ते वाटेवरची दुकानं पाहिली की समजतं. तिथं वाटेच्याच नावाचं किराण्याचं दुकान आहे, सोबत बेकरी आणि चहाकॉफीची सोय. सायकल टेकवायची, पाव घ्यायचा, कोणाशी तरी हवेवर बोलायचं, पुढे जायचं. ज्या ट्रॅव्हलर्स रेस्टमध्ये प्रवासी थांबायचे बंद झाले होते, तिथं ते पुन्हा थांबू लागले. म्हणजे डोंगराच्या पायथ्याशीही घराबाहेरचं जगणं फुललं ते जिथं डेव्हनचा एक तुकडा नकळत तयार झाला तिथंच. तेव्हा डोंगर असू द्यावा, फाटक तेवढं काढावं आणि त्या जागी भाजीवाला बसवावा.

शेवटचा आक्षेप पार्किंगचा, आणि डेव्हनला एकदा तरी गेलेला माणूस तो सगळ्यांत आधी घेतो. शनिवारी दुपारी डेव्हनवर गाडी लावायला जागा मिळत नाही. मध्यंतरी महापालिकेनं फुटपाथ रुंद केले, त्यानं चालणारे सुखावले आणि गाडीवाले हळहळले. १५५ नंबरची बस या रस्त्यावरून धावते खरी, पण ती घ्या असं नेपरव्हिलच्या माणसाला सुचवणं सोपं नाही. तो पहिली फेरी मारतो, दुसरी मारतो, बायको ‘तिथं होती ना जागा’ म्हणते, जागेपाशी पोचेपर्यंत तिथं नळकोंडाळं निघतं, म्हणजे आग विझवायचा बंब जोडायचा नळ, ज्याच्यापुढे गाडी लावली तर दंड. अखेर चार गल्ल्या उत्तरेला, बुटक्या बंगल्यांच्या रांगेत, मेपलच्या झाडाखाली गाडी लागते. तिथून डेव्हन आणि डेव्हनवरून परत, हातात वीस पौंड बासमती, दहा पौंड कणीक, काखेत आंब्याची पेटी, आणि वाटेत विकत घेतलेली जिलबी खाऊन संपवायचीच असल्यानं दर कोपऱ्यावर एक विश्रांती. त्या अंतरात जिना, मुजीब, एक सिनेगॉग आणि दोन मिठाईवाले लागतात, शेजारच्या अंगणातली म्हातारी हात हलवते, आणि घरी पोचल्यावर मनगटावरचं घड्याळ दिवसाची दहा हजार पावलं पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन करतं. नेपरव्हिलचा माणूस मात्र पार्किंगबद्दल तक्रार करतो, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येतो.